डबल बेल उशिरा पोचते

माझी नाडी बसल्या जागी १०४ असते. गाढ झोपेतही नव्वदीच्या खाली फारशी उतरत नाही. एखाद्या नव्या डॉक्टरकडे सर्दी-पडशासाठी गेलो की ते मनगट धरतात, घड्याळाकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे. "कसलं टेन्शन घेतलंय का?" आता मी सरळ शर्टाचं वरचं बटण काढतो, छातीवरची उभी शिवण दाखवतो आणि सांगतो, साहेब, दुसऱ्याचं हृदय बसवलेलं आहे. तारा जोडलेल्या नाहीत.

मी एसटीत कंडक्टर. सातारा-स्वारगेट इतकी वर्षं केली की डोळे मिटून बसलो तरी कुठला फाटा आला ते वळणावरून सांगेन. सेहेचाळिसाव्या वर्षी दम लागायला लागला. आधी वाटलं, धुळीनं असेल. मग पाय सुजायला लागले. रात्री आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून तीन उशा लावून बसूनच झोपायचो. हृदयाचा स्नायू सैल पडून ते फुगलं होतं. डॉक्टर त्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणाले, माझी आई 'काळीज ताणलंय' म्हणाली, आणि मला आईचं जास्त पटलं. पंपिंग १५ टक्के. धडधाकट माणसाचं पंचावन्न-साठ असतं. दीड वर्ष गोळ्यांवर काढलं, मग पुण्याला प्रतीक्षा यादीत नाव लागलं, आणि एका रात्री पावणेदोनला फोन आला.

पैशाचं सांगत बसत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, दोन ट्रस्ट, डेपोतल्या पोरांनी काढलेली वर्गणी आणि बायकोचं गंठण, एवढ्यात सगळं आलं. ऑपरेशनचंही मला काही सांगता येणार नाही, कारण मी झोपलो होतो. लोक तेच विचारतात. पण जागेपणी मी जे केलं ते त्यानंतरचं: बसायला, उभं राहायला, चालायला, जिना चढायला शिकलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ मॅडम आल्या. माझ्या पुतणीच्या वयाच्या. तोंडावर मास्क, त्यामुळे पहिले कित्येक दिवस मी त्यांना फक्त डोळ्यांनी ओळखायचो. "काका, आज आपण पलंगाच्या कडेला बसणार." मी म्हणालो, "मॅडम, छातीतून दोन नळ्या निघाल्यात, गळ्यात सुया आहेत." त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊनच बसायचंय."

हातावर जोर द्यायचा नाही, हा पहिला नियम. छातीचं हाड मधोमध चिरून स्टीलच्या तारेनं शिवलेलं असतं. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे आणि पायांच्या वजनानं धड वर येऊ द्यायचं. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. त्या उशीला मी 'बाळ' म्हणायला लागलो. नर्सबाई पण विचारायच्या, "काका, तुमचं बाळ कुठंय?" जोडीला श्वास ओढून प्लॅस्टिकच्या तीन गोळ्या वर उचलायचं ते यंत्र. पहिल्या दिवशी एक गोळी कशीबशी थरथरली. आणि पावलं वर-खाली करायची, दर तासाला वीस वेळा, पोटऱ्यांत रक्त साचू नये म्हणून.

चौथ्या दिवशी उभा राहिलो आणि आठ पावलं चालून खुर्चीत बसलो. दोन जण दोन्ही बाजूंना, एक मागे सलाइनचा स्टँड घेऊन. वरातीत नवरदेवाला एवढी माणसं नसतात. आठ पावलांनी मांड्या अशा कापायला लागल्या की मी खाली बघितलं, म्हटलं या माझ्याच आहेत ना. हृदय नवं मिळालं होतं, पाय मात्र तेच जुने होते, दीड वर्ष पुरेसं रक्त न मिळालेले. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलेलं, इंजिन बदललं की गाडी पळणार.

नंतर वॉर्डात पडल्या पडल्या मोबाइलवर वाचत बसायचो. जगातलं पहिलं हृदयरोपण ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये झालं. डॉक्टर बर्नार्ड, पेशंट लुई वॉशकान्स्की. अडीच महिन्यांतच आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी तेच ऑपरेशन केलं. फेब्रुवारी १९६८. पेशंट काही तासच जगला. मग देशात बराच काळ शांतता. अवयवरोपणाचा कायदा १९९४ चा, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं. वॉशकान्स्की १८ दिवस जगले, न्यूमोनियानं गेले. माझ्या अठराव्या दिवशी मॅडमनी मला हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये उभं केलं, दोन टोकांना दोन नारंगी शंकू ठेवले आणि म्हणाल्या, "सहा मिनिटं. जेवढं जमेल तेवढं. थांबलात तरी चालेल, घड्याळ थांबणार नाही." मी २१४ मीटर चाललो. ऑपरेशनच्या आधी याच परीक्षेत १७० वर भिंतीला टेकलो होतो.

त्या दिवशीच मी विचारलं. चालायला सुरुवात केली तेव्हा बोटाला लावलेल्या नाडीच्या क्लिपवर १०२ होते. चालताना पाय भरून आले, जीभ कोरडी पडली, तरी आकडा १०५. थांबून खुर्चीत बसलो, पाणी प्यालो, आणि आता तो चढायला लागला. १०९. ११४. ११७. म्हटलं मॅडम, मशीन बिघडलंय.

मॅडमनी माझ्या फायलीच्या पाठीमागे हृदय काढलं, मेंदू काढला, मध्ये दोन रेघा ओढल्या आणि त्या खोडल्या. म्हणाल्या, हृदय काढताना त्याच्या नसा कापाव्याच लागतात. रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा शिवत नाहीत. एक नस हृदयाला हळू चालवते, दुसरी पळवते. दोन्ही गेल्या. हृदय स्वतःच्या ठेक्यावर चालू राहतं, तेवढं त्याला येतं, पण मेंदूनं काय सांगितलं ते त्याला ऐकू जात नाही.

मी म्हणालो, "म्हणजे घंटीची दोरी तुटली."

एसटीत छताला एक दोरी असते, ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीला बांधलेली. एक टोला म्हणजे थांबव, दोन टोले म्हणजे जाऊ दे. कंडक्टर मागच्या सीटवर तिकीट फाडत असला तरी दोरी ओढली की झालं. आणि दोरी तुटली तर? गर्दीतून निरोप पाठवायचा. "ओ, ड्रायव्हरला सांगा, थांबवा म्हणून." तो निरोप एका तोंडून दुसऱ्या तोंडी पुढे जातो, तोवर फाटा मागे पडतो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगदी असंच. आता मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अॅड्रिनलिन रक्तात सुटतं आणि रक्ताबरोबर हृदयापर्यंत जातं, तो तुमचा निरोप. पोचायला काही मिनिटं लागतात. आणि एकदा पोचला की परत बोलावता येत नाही, ते विरेपर्यंत हृदय पळत राहतं.

मग सुरुवातीची ती मिनिटं हृदय काय करतं? याचं उत्तर मला फार आवडलं. पाय चालायला लागले की पोटऱ्या रक्त वर ढकलतात. हृदय जास्त भरतं, आणि जास्त भरलं की जास्त जोरानं पिळतं. ठोके तेवढेच, पण प्रत्येक ठोक्याला रक्त जास्त. म्हणून पाय हळूहळू सुरू करायचे. निदान दहा मिनिटं रमतगमत, तोवर निरोप पोचतो, मग खरा व्यायाम. आणि थांबतानाही पुन्हा दहा मिनिटं रमतगमत. एकदम थांबलं तर पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायात राहतं, बीपी उतरतं आणि माणूस खाली. घाटाच्या पायथ्याशीच गिअर पाडणारा ड्रायव्हर आणि निम्म्या चढावर धडपडणारा ड्रायव्हर, दोघांबरोबर मी ड्यूटी केली आहे. मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. निदान तेव्हा तरी तसं वाटलं होतं.

बाविसाव्या दिवशी घरी सोडलं. घरी म्हणजे पुण्यातच, हॉस्पिटलपासून पंधरा मिनिटांवर भाड्यानं घेतलेल्या खोलीत, कारण पहिला महिना दर आठवड्याला बायोप्सी, म्हणजे हृदयाचे कण काढून तपासणं, मग दर पंधरवड्याला. खोलीला गॅलरी होती आणि गॅलरीत कबुतरं. पहिल्याच दिवशी बायकोनं फोटो काढून मॅडमना पाठवला. उत्तर आलं, गॅलरीचं दार उघडायचं नाही. कबुतरांच्या विष्ठेतली बुरशी श्वासातून आत गेली तर प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला महागात पडते. तेव्हा चालायचं कुठं? खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी अकरा पावलं.

फेऱ्या मोजायचं विसरायला व्हायचं. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या मोठ्या डोसानं डोकं भिरभिरतं, झोप उडते, तीन आकडे सलग लक्षात राहत नाहीत. मग मुलीनं साताऱ्याहून येताना माझा जुना पंच आणला. मशीनं यायच्या आधी आम्ही तिकिटाला भोक पाडायला वापरायचो तो लोखंडी पंच. एसटीनं फिरलेल्या माणसाला त्याचा ट्रेवरचा टिक-टिक आवाज आठवत असेल. एक फेरी, पुठ्ठ्याला एक भोक. पण टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबायच्या औषधानं हाताला कंप सुटायचा, पंच आपोआपच खुळखुळायचा आणि भोकं वेडीवाकडी पडायची. शेजारच्या खोलीत एका किडनीच्या पेशंटची आई राहायची, ती म्हणाली, "दादा, ते वाजवू नका हो, मला वाटतं गाडी सुटली." पण पुठ्ठे भरत गेले. पहिल्या आठवड्यात वीस भोकांवर बसायचो. पाचव्या आठवड्यात एका पुठ्ठ्यावर शंभर.

आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात. तिथे सायकल होती, ट्रेडमिल होती, रबरी पट्टे होते आणि भिंतीवर एक तक्ता, ६ ते २० आकड्यांचा. बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसानं केलेला. ६ म्हणजे नुसतं बसणं, २० म्हणजे आता मरतो. आकडे ६ पासून का, तर धडधाकट तरुण माणसाच्या नाडीचा साधारण दहावा भाग, ६० ते २००. माझ्या बाबतीत तो हिशेब लागूच नाही, पण तक्ता लागू. मॅडम म्हणाल्या, "काका, नाडीचा आकडा विसरा. अंगाला काय वाटतं ते सांगा. मला तुम्ही १२-१३ वर हवे आहात, थोडं कष्टाचं, पण चालेल असं."

आता अंगाला काय वाटतं याला नंबर द्यायचा म्हणजे पंचाईत. मी सगळ्यालाच ११ म्हणायचो. पेशंट म्हणून दीड वर्षात एक गोष्ट शिकलेलो, डॉक्टर लोकांना बरं वाटेल असं बोलायचं. मॅडमच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, बरं, चालता चालता बोला काहीतरी. मी काय बोलणार? तोंडात आले ते थांबे. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा, शिरवळ. एका दमात पाच. मॅडमनी वेग वाढवला. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, आणि श्वास. अजून वाढवला. कात्रज, खेड... श्वास.

तेच आमचं माप ठरलं. एका दमात पाच थांबे म्हणजे फिरायला आलोय. तीन-चार म्हणजे बरोबर १३. दोनावर तुटलं तर वेग कमी. ट्रेडमिलवर मी रोज स्वारगेटहून निघायचो आणि साताऱ्याला उतरायचो. शेजारच्या सायकलवर बायपास झालेले एक निवृत्त मास्तर असायचे, ते मधूनच ओरडायचे, "खंबाटकी आला का हो?"

मांड्यांचं मात्र लवकर सुटेना. प्रेडनिसोलोन मांड्या-खुब्यांचे स्नायू खातं. चालणं सपाट जमिनीवर वाढत होतं, पण कमोडवरून उठायला मला भिंतीतला दांडा लागायचा, आणि हातावर जोर द्यायचा नाही. एकदा मॅडमनी विचारलं, "तुम्हाला पुढं काय करता यायला हवं?" त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले होते. अवयव बदललेल्या लोकांच्या जागतिक स्पर्धा असतात, १९७८ मध्ये पोर्ट्समथला सुरू झालेल्या. त्यात लोक पळतात, पोहतात. मी म्हणालो, मॅडम, मला एसटीच्या पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. पहिली पायरी जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास असते, आणि गाडी खड्ड्यात उभी नसली तर.

त्या दिवसापासून माझा वेगळा अभ्यास सुरू झाला. खुर्चीतून हात न लावता उठायचं, पाच वेळा. खुर्चीवर आधी दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. उठताना श्वास सोडायचा; श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं. मग प्लॅस्टिकचा स्टेप, चार इंचांचा. त्याखाली एक थर, मग आणखी एक. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुसरा आधी. आठ इंचांवर मी तीन आठवडे अडकलो. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, फक्त दर वेळी वहीत '८' लिहायच्या. त्या '८' चा मला इतका राग यायचा की एक दिवस चढलोच.

आणि त्याच आठवड्यात सगळं विस्कटलं. मंगळवारी ट्रेडमिलवर नेहमीचाच वेग होता, आणि माझे थांबे दोनावर तुटायला लागले. कात्रज, खेड शिवापूर, श्वास. छातीत दुखत नव्हतं. तेही आम्हाला आधीच बजावलेलं असतं: नसा कापल्यामुळे या हृदयाला काही झालं तरी छातीत कळ येईलच असं नाही, तेव्हा कळीची वाट बघू नका. दम, थकवा, सूज, रोज सकाळचं वजन, यांवर लक्ष ठेवा. मॅडमनी ट्रेडमिल हळू केली, बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. गुरुवारची बायोप्सी बुधवारवर आली. गळ्याच्या शिरेतून चिमटा आत घालतात आणि हृदयाच्या स्नायूचे चार-पाच कण काढतात, मोहरीएवढे. रिपोर्ट आला २आर, म्हणजे मध्यम रिजेक्शन. शरीरानं नवं हृदय परकं म्हणून ओळखलं होतं.

डॉक्टर म्हणाले, थांबे तुटले हा योगायोगही असेल, पुष्कळदा पेशंटला काहीच कळत नाही, म्हणून तर बायोप्सी करतो. असेलही. पण मी आजही थांबे म्हणतो. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं, व्यायाम बंद, फक्त पलंगाशेजारी उभं राहणं आणि पॅसेजमध्ये दहा-बारा भोकं. साखर तीनशेवर गेली, तोंड भाकरीसारखं फुगलं. पुढची बायोप्सी चांगली आली, आणि मॅडमनी वही उघडून स्टेप पुन्हा चार इंचांवर आणला. मी तिथे खुर्चीत बसून रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, चार इंचांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी. मॅडमनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "झालं? आता दहा मिनिटं वॉर्म-अप."

चौथ्या महिन्यात साताऱ्याला आलो. इथे व्यायामासाठी एका ठिकाणी नाव घातलं. तिथल्या ट्रेनर मुलानं वय विचारलं, कॅल्क्युलेटर काढला. २२० वजा ४८, १७२. त्याचे ६० ते ७० टक्के. "सर, तुमची नाडी १०३ ते १२० मध्ये ठेवायची." मी खुर्चीत बसलो होतो. क्लिप लावली, १०४. तो गोंधळला. मी म्हणालो, बघ, माझा व्यायाम चालूच आहे, फी किती घेणार? पोरगा चांगला होता, पण त्याला दोरीची गोष्ट कोणी शिकवलेली नव्हती. मी फायलीच्या पाठीमागचं मॅडमचं चित्र त्याला दाखवलं. त्यानं फोटो काढून घेतला, आणि मॅडमना फोनही लावला.

शहाणपण सांगणारा मी, जुलैत माती खाल्ली. दुपारी जोराची सर आली, गच्चीवर कपडे वाळत होते, बायको बाजारात. मी दोन मजले धडाधड चढलो. दहा मिनिटं रमतगमत वगैरे काही नाही. कपडे ओढले, आणि दोरीपाशीच मांड्यांचं पाणी झालं. डोळ्यांपुढे अंधारी. ओल्या कपड्यांसकट कठड्याला टेकून खाली बसलो. हृदय अजून बसलेल्या माणसाच्या चालीत होतं आणि पाय मात्र पळून आले होते. क्लिप खिशात असते, लावली: १०८. मी भिजत बसलोय, काही करत नाहीये, आणि आकडा चढतोय. ११९. १२६. १३१. बायको आली तेव्हा १३१ वर बघत बसलेला नवरा तिला सापडला. तिनं रुग्णवाहिकेचा नंबर काढला. मी म्हणालो, थांब, हा मघाचा निरोप आता पोचतोय. ती म्हणाली, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" बीपी घेतलं, पुण्याला फोन झाला, पाय उशीवर ठेवून पडून राहिलो. पंचवीस-तीस मिनिटांनी आकडा जागेवर आला. त्यानंतर आमच्या घरात कपडे भिजतात.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात, डोळे बारीक करून. "आता आवडीनिवडी बदलल्या असतील ना? त्या माणसासारख्या?" मला मिसळ आवडायची, अजून आवडते, खाता येत नाही एवढंच. ज्याचं हृदय आहे तो तरुण मुलगा होता, यापलीकडे मला काही माहीत नाही, माहीत करून देतही नाहीत. एक मात्र आहे. शिवण घालताना जुन्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची मागची भिंत तशीच ठेवतात आणि नवं हृदय तिला जोडतात. म्हणजे त्याची आणि माझी एक भिंत सामाईक. चाळीत राहिलेल्या माणसाला ते समजतं. व्यायामाचा कंटाळा आला, आणि तो येतोच, की मी त्या भिंतीपलीकडच्याला मनात म्हणतो, चल रे, अकरा पावलं.

वर्ष झालं तेव्हा अँजिओग्राफी झाली, सहा मिनिटांची परीक्षा झाली. ४५२ मीटर. डॉक्टर म्हणाले, काही जणांत वर्षा-दोन वर्षांनी नसा थोड्याफार परत वाढतात. माझी नाडी अलीकडे थांबल्यावर जरा लवकर उतरते, असं मला वाटतं. मॅडम म्हणाल्या, वाटू द्या, पण वॉर्म-अप सोडू नका.

त्या तपासणीला मी एसटीनं गेलो. घरात दोन दिवस भांडण चाललं होतं. गर्दी, खोकणारी माणसं, सगळं खरं. शेवटी ठरलं, पहाटेची पहिली गाडी, खिडकीजवळची सीट, मास्क, आणि बायको शेजारी. स्टँडवर अर्धा तास आधी गेलो आणि फलाटावर येरझाऱ्या घातल्या. चहावाल्यानं विचारलं, "मास्तर, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, निरोपाची.

गाडी लागली. कंडक्टर नवा पोरगा, मला ओळखत नव्हता. मागून माणसं ढकलत होती. उजवा पाय वर ठेवला, श्वास सोडला, आणि पहिली पायरी मागे पडली. दांड्याला हात लावला, पण ओढलं नाही. दुसरी. तिसरी. पोरगा म्हणाला, "चला काका, आत सरका."

सीटवर बसलो, पोरानं दोरी ओढली, दोन टोले पडले, गाडी लगेच हलली. बोटाला क्लिप लावली, १०६. वाढे फाट्याला ११५. बायको बघत होती, काही बोलली नाही. लिंब फाट्याला १११. आनेवाडीच्या टोलनाक्यावर १०५. तिनं क्लिप काढून पर्समध्ये टाकली आणि डबा उघडून टॅक्रोलिमसच्या वेळेचा गजर तपासला.